साठ तास

"बाई, लोकांचं वेड ऐकून ऐकून उद्या तुम्हालाच वेड लागलं, तर तुम्ही कुणाकडे जाता?"

विचारून ती उभीच राहिली. प्रश्न तिचा नव्हता, मेजरचा होता. मेजर म्हणजे तिच्या उजवीकडे बसणारी, सगळ्या लढाया मागे राहून लढणारी मैत्रीण. मधल्या सुट्टीत पैज लागली होती, की विचारलं नाही तर आठवडाभर दोघींची दप्तरं तिसऱ्या मजल्यापर्यंत हिनं वाहायची. डावीकडची पाकोळी, जी एका जागी म्हणून कधी बसत नाही, ती बाकाखालून चिमटे काढत होती. ते शाबासकीचे की गप्प बस असे, कळायला मार्ग नव्हता. वर्ग खिदळत होता. वर्षापूर्वी असं काही विचारायची वेळ आली असती तर तिची जीभ टाळूला चिकटली असती. पण या वर्षी काय झालं होतं कोण जाणे, फ्रॉक आखूड व्हावा तशी जुनी भीती तिला आखूड झाली होती, आणि आपण उभं राहिलो की चाळीस डोकी वळतात हे तिला चक्क आवडायला लागलं होतं. समोर, आज वर्गाशी बोलायला आलेली हंबाई होती. खेळाच्या सामानाच्या खोलीला लागून मुलांचं ऐकून घ्यायची म्हणून एक खोली होती, तिथे थेरपिस्ट व्हायला शिकणारं कुणी ना कुणी सहा महिने येऊन बसायचं, सध्या ही. पंचावन्नची, रुंद चपलांची, आधीची नर्स, आणि काहीही सांगा, आधी "हं" म्हणणारी. पण आत्ता ती हं म्हणाली नाही. "जाते की," ती म्हणाली, "दर मंगळवारी साडेपाचला. आम्हाला जावंच लागतं. शिकायला लागल्या दिवसापासून. दुसऱ्याला ज्या खुर्चीत बसवायचं त्या खुर्चीत आधी आपण बसायचं. नाहीतर पासच करत नाहीत." मागून कुणीतरी ओरडलं, "आणि तिथे काय बोलता?" हंबाईनं खांदे उडवले. "सगळे बोलतात तेच. नवरा, मुलं, गुडघे."

वर्ग हसला. मेजरनं पाठीत धपाटा घातला, पैज जिंकली म्हणून. ती मात्र खाली बसली ती एखाद्या पायरीचा अंदाज चुकल्यासारखी. मुलं. आम्हाला जावंच लागतं. शिकायला लागल्या दिवसापासून. म्हणजे तिची आईही. कारण तिची आई हेच शिकत होती, गेली तीन वर्षं, घरात दुसरं काही शिल्लक राहू नये इतक्या निष्ठेनं. आणि गुरुवार. गुरुवारी आई सहाला बाहेर पडायची आणि सव्वासातला यायची, अभ्यासगट असतो म्हणून. अभ्यासगटाहून माणूस वह्या घेऊन येतं; आई धुतलेल्या तोंडानं यायची. बाबा म्हणायचे, बाहेर धूळ फार झालीय. तीन वर्षं दर गुरुवारी धूळ! आणि ती, जिला कोण कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाचं पेन ढापलं, हे वर्गात शिरल्याबरोबर वासावरून कळायचं, ती स्वतःच्या घरात तीन वर्षं काही न कळता खुशाल काकडी खात बसली होती. उरलेल्या तासाभरात फळ्यावर काय लिहिलं गेलं तिला माहीत नाही. आई एका खुर्चीत बसलीय आणि कुणा परक्या माणसाला सांगतेय, एवढंच तिला दिसत राहिलं. काय सांगतेय? मुलगी कपाटाचं दार उघडं टाकते? मुलगी खोटं बोलते? मुलगी मला नकोशी वाटते? असं काही नसणार, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असण्याचा आणि भीती वाटण्याचा काडीचाही संबंध नसतो.

खरं म्हणजे तिची आई बोलण्यासाठीच जन्माला आलेली. चौदा वर्षं ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचा फोन घ्यायची. नळाला पाणी नाही, आहे तर गढूळ आहे, गढूळ नाही तर थांबत नाही. दिवसभर लोकांच्या शिव्या गोड आवाजात गिळायच्या आणि घरी आल्यावर त्या सगळ्या नव्यानं घडवून पोरीला द्यायच्या, असा तिचा शिरस्ता होता. आणि काय द्यायची! आईचं रागावणं ही साधीसुधी गोष्ट नव्हती. त्याला चढ होता, उतार होता, मध्ये दम घ्यायला जागा होती. "महामाये, ही चप्पल इथे कुणाची वाट बघत बसलीय?" असं दारातून सुरू व्हायचं ते आजोळच्या चार पिढ्यांना हजेरी लावून पुन्हा चपलेवर यायचं. बाबा भिंतीकडे तोंड करून हसायचे. तीही आतल्या आत हसायची, रडता रडतासुद्धा. कारण एवढा वेळ, एवढे शब्द, एवढा घसा कुणी आपल्यासाठी खर्च करतंय, हे कुठेतरी उबदार लागायचं. मग एक दिवस फोनवर एक म्हातारा आला. त्याच्या नळाला पाणी होतं. त्याची तक्रारच नव्हती. त्याची बायको चार दिवसांपूर्वी गेली होती आणि त्याला कुठला नंबर लावायचा ते कळेना. आई त्याच्याशी पन्नास मिनिटं बोलली, मागे एकोणतीस फोन खोळंबले, साहेबांनी लेखी जाब विचारला. आई घरी आली आणि दारातली चप्पल ओलांडून आत गेली. पुढच्या महिन्यात तिनं अर्ज भरला.

आणि रागावणं बंद झालं. एकदम नाही, सांडलेलं पाणी हळूहळू वाळावं तसं. पहिल्या वर्षी पुस्तकं आली, पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या डकवलेली. दुसऱ्या वर्षी रविवारी माणसं यायला लागली, आईबरोबर शिकणारी. तिघंतिघं बसायचे. एकानं आपलं खरंखुरं काहीतरी सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, तिसऱ्यानं वहीत टिपायचं दुसरा कसा ऐकतोय ते; वीस मिनिटांनी घड्याळ वाजलं की जागा बदलायच्या. बंद दाराआडून कधी एक आवाज रडायचा, वीस मिनिटांनी दुसरा. ती आणि बाबा स्वयंपाकघरात अडकून पडायचे, कपबशीचा आवाज न करता. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांनी एकदा तिला कुजबुजत सांगितलं, "बॉस, मी दहाव्या मजल्यावर दोराला लोंबकळतो ना, तिथे बरं वाटतं. तिथे निदान सुटे भाग मिळतात." तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम. आधी इस्पितळ, अर्धांगवायूतून उठणाऱ्यांचा विभाग. मग व्यसनमुक्ती केंद्र. तिथलं आई एक अक्षर घरी सांगायची नाही, सांगायचं नसतंच. दिसायचं ते एवढंच, की आई कानाला हेडफोन लावून, कुणाचं नाव दिसणार नाही असा कागद पुढ्यात ओढून, रेकॉर्ड केलेलं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवतेय. थांबलेलं सुद्धा. 'शांतता, अकरा सेकंद.' 'शांतता, चार सेकंद.' असं तिनं एकदा खांद्यावरून वाचलं होतं आणि आईनं झटकन कागद उलटा केला होता. शांतता मोजतात? घरात कोण मोजायचं? समासात सुपरवायझरचं बारीक अक्षर: 'इथे तू पुन्हा वाचवायला धावलीस.' आई ते वाक्य दिवसभर चघळत फिरायची. एकदा टिशूपेपरचा डबा चुकीच्या जागी ठेवला म्हणून गुण कापले गेले. तो रडणाऱ्याच्या हाताशी हवा, आपल्या नाही. आपण उचलून दिला की त्याला वाटतं, पुसा आता, पुरे.

हे सगळं एक वेळ ठीक होतं. पण ते घरात वापरायचं? तिनं विज्ञानात काठावरचे गुण आणले तर आई म्हणाली, "तुला स्वतःला काय वाटतंय याबद्दल?" तिनं मुद्दाम, अगदी ठरवून, कपाटाची चारही दारं उघडी टाकली, ओला टॉवेल गादीवर ठेवला, तर आई टॉवेलकडे बघत म्हणाली, "मला असं दिसतंय, की तुला काहीतरी सांगायचंय." अंगाचा तिळपापड झाला. "नाही सांगायचंय! टॉवेल आहे तो! ओला!" "हं," आई म्हणाली. हं! मान किंचित कललेली, हात मांडीवर, आणि डोळ्यांत ते मऊ, धुतलेलं, सगळ्यांना समान वाटून द्यायचं लक्ष. तिला त्या लक्षाचा इतका वैताग यायचा, की टाचा आपटाव्याशा वाटायच्या. आपण दार ठोठावतोय आणि आतून कुणीतरी अतिशय सभ्यपणे सांगतंय, तुम्ही ठोठावताय हे मी ऐकलं. एकदा तर ती शाळेतून येत होती आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिन्यात, आई बसलेली दिसली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, नजर समोरच्या भिंतीच्या पोपड्यावर. केंद्रातून येऊन घरात शिरण्याआधी ती तिथे बसत असावी, रोजच. आई इतकी एकटी, इतकी कुणाचीच नसलेली तिनं कधी पाहिली नव्हती. वर जाऊन शेजारी बसावं? पण मग आई वळेल, चेहरा लावेल, विचारेल, आज कसा होता दिवस. ती पाऊल न वाजवता उतरली आणि सायकलींच्या छपराखाली पंधरा मिनिटं उभी राहिली. त्यानंतर ती नेहमीच खालून आधी कानोसा घ्यायची.

आणि आता तो कागद. जेवणाच्या टेबलावर, फळांच्या टोपलीखाली, नऊ दिवस. आईचे मोठ्या माणसांबरोबरचे तास झाले होते. उरले होते साठ, अठरा वर्षांखालच्यांबरोबरचे. ते झाले की झालं सगळं. संस्थेकडे दोन शाळा होत्या. एक या वर्षी बंद, दुरुस्तीसाठी. दुसरी तिची. हंबाईची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती आणि त्या खोलीत, फुटबॉलच्या जाळ्या आणि धूळ खाणाऱ्या गाद्या यांच्या शेजारी, आईनं यायचं होतं. फक्त नियम असा, की ज्या शाळेत पोटचं मूल शिकतंय तिथे त्या मुलाची लेखी संमती हवी. मुलानं नाही म्हटलं तर विषय संपला. वर्षभर थांबा, तोवर ते शाळेतून बाहेर पडलेलं असेल. सही शुक्रवारपर्यंत. "तुझ्यावर कसलंही दडपण नाही," आईनं कागद ठेवताना सांगितलं होतं. "हो म्हण, नाही म्हण, दोन्ही मला चालेल. खरंच." "पण तुला काय हवंय?" "माझं राहू दे. तुझं तू बघ." असं म्हणून तिनं त्या कागदावर सफरचंदं ठेवली होती. दडपण नाही म्हणे! रोज सकाळी सफरचंद उचललं की खालून कागदाचा एक कोपरा बघायचा. आईला हवं होतं, हे काय दिसत नव्हतं? तीन वर्षं ती जिन्यात बसून काढत होती ती हवंच होतं म्हणून. मग म्हण ना! एकदा टेबलावर मूठ आपट आणि म्हण, कार्टे, सही कर! पण नाही. बाबांनी मात्र तिला काल एकटीला गाठलं होतं. हात ग्रीसनं काळे, आवाज चोरटा. "बॉस, करून टाक ना. सहा महिने तर आहेत. तिला दमलेली बघवत नाही आता." मग थोडं थांबून, "आणि मीही दमलोय गं. मला आता कुणी साधं विचारावं, जेवलास का. भावना नकोत." ती हसली होती. तिनं जवळजवळ हो म्हटलं होतं.

शाळा सुटल्यावर ती मेजरला काहीतरी थाप मारून मागे राहिली आणि त्या खोलीचं दार ढकललं. आधी कधी आली नव्हती. थेरपीवाल्यांची ऊब तिला घरी उतू जाईस्तोवर मिळत होती. खोलीत रबराचा आणि जुन्या घामाचा वास, दोन खुर्च्या, जराशा तिरप्या ठेवलेल्या, म्हणजे समोरासमोर डोळे भिडू नयेत. घड्याळ कुठे असणार तेही तिला ठाऊक होतं, आपल्या खुर्चीच्या मागे, बाईंना दिसेल असं. होतंच. ती धपकन बसली. "मी पाचच मिनिटांसाठी आलेय. तुम्ही लोक तिथे जाऊन आपल्या मुलांबद्दल काय बोलता?" "कोण लोक?" "तुम्ही. शिकणारे. माझी आई." हंबाईनं गुडघे चोळले. "तुझ्या आईला मी ओळखत नाही गं. तिचं काय ते तिला माहीत. तुझं तू सांग." "माझं काही नाही." "बरं." आणि ती गप्प बसली. ही चलाखी ती पुरती ओळखून होती. आता ही बोलणार नाही. आता हिच्या डोक्यात सेकंद चाललेत. आपण नाही बोलायचं, तिनं ठरवलं, मूग गिळून बसायचं, बघू कोण हरतं. बाहेर कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं, धप्प, धप्प. मग तिला ऐकू आलं, की कुणीतरी बोलतंय, आणि ती स्वतःच होती. "ती जिन्यात बसते आणि मी लपते," ती म्हणत होती. "माझ्या आईपासून मी सायकलींमागे लपते. कारण ती माझ्याकडे कामासारखं बघते. त्या लोकांकडे ती खरंच बघत असणार, नाहीतर ती इतकी कशाला दमली असती? मला उरतं ते हं. मी तिला काही सांगितलं तर ती चांगलं ऐकेल. मला नको चांगलं. आणि मला इतकं काही सांगायचंय ना, की..." पुढचं नाकातून आलं. डोळे, नाक, सगळं एकदम, अतिशय बेंगरूळ. हंबाई उठली, गुडघे कटकटा वाजले, तिनं खिडकीतला टिशूचा डबा आणला. "तो इथे हवा," ती हुंदक्यातून म्हणाली, "माझ्या हाताशी. माझ्या आईचे यावर गुण कापले होते." हंबाई इतकी मनापासून हसली, की तीही हसली, आणि हसता हसता जे राहिलं होतं ते तिनं सांगितलं. ते काय होतं हे या खोलीबाहेर कुणाला कळायचं कारण नाही. पण ते सांगून झाल्यावर तिच्या मनात एक साधा, थंड विचार आला: पुढच्या आठवड्यात या खुर्चीत आई असणार. मग मी हे कुठे आणून टाकणार होते?

दार उघडून ती बाहेर आली, तर समोरच्या लाकडी बाकावर, जाळीतल्या फुटबॉलांखाली, पाकोळी बसली होती. बसली होती! दोन्ही पाय जमिनीवर, हात घट्ट दप्तराभोवती. "तू?" पाकोळी म्हणाली. "तू?" ही म्हणाली. दोघींचे कान लाल. "मी अशीच," पाकोळी म्हणाली, मग नाक वर ओढून, "अशीच म्हणजे दर बुधवारी. मेजरला सांगितलंस ना, तर बघ." "नाही सांगत." "आईची शपथ घे." ती अडखळली, मग म्हणाली, "घेतली." पाकोळीनं दाराकडे पाहिलं. "बरी आहे ना गं ही? जाणार म्हणतात. येणारी कोण असेल काय माहीत. मी तर ठरवलंय, अनोळखी असली तर आणि तरच जायचं. ओळखीच्या माणसाला घरचं सांगून मग त्याच्या घरी जाऊन खायचं म्हणजे..." तिनं अंग शहारल्यासारखं केलं. पाकोळी दर शनिवारी त्यांच्या घरी खायची. आईच्या हातचं खायची, आईला काकू म्हणायची, बाबांना लिफ्टचे विनोद सांगायची. आणि घरी कसलं घरचं होतं तिच्या, की दर बुधवारी इथे बसावं लागतं? हिला माहीत नव्हतं. सात वर्षांची मैत्री, आणि माहीत नव्हतं. विचारावं का, असं वाटून तिनं तोंड उघडलं, आणि त्या उघड्या तोंडातून आपल्या आईचा आवाज येणार असं वाटून मिटलं. "जा, तुझी वेळ जातेय," ती म्हणाली. रस्त्यानं येताना ती स्वतःवर, पाकोळीवर, संस्थेवर, नियम करणाऱ्या त्या कुणा टकल्यावर चरफडत राहिली. नको म्हणावं तर आईचं अख्खं वर्ष जाणार. हो म्हणावं तर पाकोळीचा बुधवार जाणार, आणि का नको ते आईला सांगावं तर पाकोळीच जाणार. शिवाय आपलं स्वतःचंही काहीतरी जाणार, ज्याला अजून नावसुद्धा नाही, जे आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी मिळालंय. मोठेपणी म्हणे निर्णय घ्यायचे असतात. हे तर सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून उभे!

घरात बाबा टेबलाशी भाजी चिरत होते, आई समोर बसून कसलेतरी कागद लावत होती. सफरचंदं होती. कागदाचा कोपरा होता. तिनं दप्तर ठेवलंच नाही. "गुरुवारी तू कुठे जातेस?" बाबांची सुरी थांबली. आईनं वर पाहिलं, आणि मान किंचित कलली. "हे तुझ्या मनात कधीपासून आहे?" "आई! मी प्रश्न विचारलाय! दुसरा प्रश्न नकोय मला!" "तुला राग आलेला दिसतोय." "आलाय! दिसतोय नाही, आलाय! तू तिथे जाऊन आमच्याबद्दल बोलतेस. तीन वर्षं. आणि आम्हाला अभ्यासगट. आम्ही काय बोलायच्या लायकीचे नाही? काय सांगतेस तू माझ्याबद्दल?" आई गप्प. तिनं स्वतःच्या नकळत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आईचे डोळे पाणावले होते आणि तरी हात मांडीवर, शांत, शिकवल्यासारखे. सात, आठ. बाबा म्हणाले, "अगं, सांग ना काहीतरी तिला." अकरा. आईनं एक मोठा श्वास घेतला, तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली आणि मऊ आवाजात म्हणाली, "आज आपण इथे थांबूया."

समोरच्याचा तास संपला की म्हणायचं वाक्य होतं ते. मग बाबांच्या नाकातून एक विचित्र आवाज आला, कुकरची शिटी दाबून धरावी तसा, आणि चिरलेल्या भाजीवर डोकं टेकून ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. "थांबूया!" ते म्हणाले. "कुठे थांबूया बाई? आम्ही इथे राहतो!" आईचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. "सवयीनं गेलं," ती म्हणाली. "सवयीनं गेलं गं तोंडातून, देवा रे!" आणि मग तिचे ते शांत हात सुटले, एक कपाळावर आपटला, एक टेबलावर. "हसा! दात काढा! सहा दिवस लोकांचं ऐकते, सातव्या दिवशी ते लिहून काढते, ती बया समासात लिहिते तू वाचवायला धावलीस, घरी येऊन धावायचं नाही म्हणून हातपाय बांधून बसते, आणि इथे हे दोघं! काय सांगते तुझ्याबद्दल? हेच सांगते, की मला पोरीशी कसं बोलायचं तेच आता कळेनासं झालंय! रागवायला जीभ उचलते आणि सुपरवायझर आठवते! पन्नास मिनिटं रडते तिथे मी, कळलं?" ती थांबली, दम लागला होता. मग टोपलीतली सफरचंदं एका बाजूला ढकलून तिनं कागद बाहेर ओढला. एक सफरचंद घरंगळत खाली गेलं, कुणी उचललं नाही. "आणि चालेल म्हणाले ना मी, दोन्ही चालेल? खोटं आहे ते. साफ खोटं. मला नाही चालणार. मला हे साठ तास हवेत. याच वर्षी हवेत. मी पंचेचाळीसची आहे, मला आणखी एक वर्ष जिन्यात बसायचं नाही. सही कर. मला हवंय म्हणून कर."

बाबांचं हसू कधीच थांबलं होतं. ते एकदा आईकडे, एकदा तिच्याकडे बघत होते, चेहऱ्यावर उघड विनवणी. आणि तिला काय वाटलं असेल? तिला आनंद झाला. इतका, की त्याची लाज वाटावी. समोर एक बाई होती, केस विस्कटलेली, नाकाचा शेंडा लाल, आणि ती तिच्याकडेच बघत होती, तिला एकटीलाच, हात पुढे करून काहीतरी मागत, नाही मिळालं तर रडेन अशा तोंडानं. ही ओळखीची होती. हिला मिठी मारावी, पेन घ्यावं, एवढीच तर सही, सात अक्षरं, खाली एक रेघ. आई सुटेल, बाबा सुटतील, रविवारी तिघं कुठेतरी जाऊ. आतापर्यंत तिला वाटत होतं, की आई असं एकदा म्हणाली तर आपण तत्क्षणी करून टाकू. आणि तेच आता गंमतशीरपणे उलटलं होतं. सफरचंदाखालच्या कागदाला नाही म्हणता येत नव्हतं, कारण तिथे समोर कुणी नव्हतंच. आता होतं. आता जिला नाही म्हणायचं ती हाताच्या अंतरावर होती, जिवंत, धापा टाकणारी, आणि तिला ते लागणार होतं. फार लागणार होतं. पाकोळीचे जमिनीवर टेकलेले दोन पाय तिला आठवले. त्याबद्दल ती इथे काही बोलू शकणार नव्हती, एक शब्दही नाही; स्वतःबद्दलही नाही. कारण न देता नुसतं नाही म्हणायचं, म्हणजे आईच्या नजरेत हट्टी, दुष्ट, कृतघ्न कार्टी ठरायचं. ठरू. तिनं दप्तर खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवलं. कागद उचलला, नीट घडी केली, आईच्या हातात दिला, आणि तो हात सोडला नाही.

"आई, बाबा, ऐका. मी सही करणार नाहीये. का ते मी सांगणार नाही, आज नाही आणि नंतरही नाही. तू माझ्यावर चीड, ओरड, वर्षभर बोलू नकोस, मला चालणार नाही, पण मी ते वर्ष काढीन. त्या खोलीत तू यायचं नाहीस."